कंसात

माझ्या वैद्यकीय अभ्यासक्रमातला एक प्रश्न असा आहे, की तो मला आज मध्यरात्री झोपेतून उठवून विचारला तरी मी चुकणार नाही. आणि तोच प्रश्न 1959 च्या एप्रिलमध्ये, पहिल्या एम.बी.बी.एस.च्या तोंडी परीक्षेत, मी चुकलो होतो. टेबलावर विच्छेदन केलेला एक पाय ठेवलेला होता. लाँग सॅफेनस ही मनुष्यदेहातली सर्वांत लांब नीला. पावलापासून निघून पायाच्या आतल्या अंगाने ती मांडीच्या मुळापर्यंत चढत जाते. ती आतल्या घोट्याच्या पुढून जाते की मागून, एवढेच परीक्षकांनी विचारले. मी ‘मागून’ म्हणालो. परीक्षकांनी काही न बोलता चिमटा उचलला आणि घोट्याच्या पुढे पडलेली ती दोरीसारखी नीला नुसती उचलून दाखविली. आणि त्यानंतर त्यांनी जे जे विचारले, त्यांपैकी ज्यांची उत्तरे मला बिनचूक येत होती तीही माझ्या जिभेवर आली नाहीत. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा शरीररचनाशास्त्रात मी अनुत्तीर्ण होतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून मुंबईस आलो होतो. शाळेत नेहमी पहिला, इंटर सायन्सला पहिल्या वर्गात, अशी माझी तोवरची वाटचाल होती, आणि तीत एकदाही ठेच लागली नसल्यामुळे बुद्धीविषयी माझी एक पक्की समजूत होऊन बसली होती. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्णी वतन होते. 1950 च्या कायद्याने ते गेले, तरी वतनाची भाषा घरात उरली होती. बुद्धी ही मला त्या वतनासारखी वाटे. ज्याच्या नावे सनद झाली त्याला ती मिळाली; ती कसावी लागत नाही, वाढवावी लागत नाही, आणि एकदा लाभली की तहहयात आपलीच राहते. असे समजणाऱ्या मनुष्यास अपयश आले, म्हणजे त्याला त्यात एका प्रश्नाचे चुकलेले उत्तर दिसत नाही. आपली सनदच मुळात बनावट होती आणि ती आज चव्हाट्यावर आली, असे त्याला वाटते. मला तसेच वाटले. पहिल्या पावसात मी घरी गेलो, दोन वर्षांच्या टाचणांच्या वह्या परसात बंबाशेजारी जळणावर नेऊन ठेवल्या, आणि आपण आता पुण्यास जाऊन बी.ए. करणार असल्याचे आईस सांगितले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. सकाळी मात्र वह्या जळणावर नव्हत्या, माझ्या खोलीतल्या कोनाड्यात होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, आईने दिलेला डबा घेऊन मी कचेरीत गेलो तेव्हा, जेवण झाल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि मागच्या दप्तरखान्यात नेले. तांबड्या रुमालांत बांधलेल्या गावोगावच्या दप्तरांच्या फडताळांमधून त्यांनी एक रुमाल काढला, सोडला, आणि सातबाराच्या एका पानावर बोट ठेवले. एका खातेदाराचे नाव होते. त्याच्याभोवती कंस होता, आणि शेजारी लहानशा वर्तुळात फेरफाराचा क्रमांक होता. त्याखाली दुसरे नाव, त्यालाही कंस, दुसरा क्रमांक. आणि सर्वांत शेवटी एक नाव मोकळे.

‘इथे खाडाखोड चालत नाही,’ अण्णा म्हणाले. ‘खोडले की दप्तर खोटे ठरते. जे गेले त्याला कंस करायचा, कोणत्या फेरफाराने गेले तो आकडा घालायचा, आणि खाली नवी नोंद करायची. पन्नास वर्षांनी कोणी उघडले तरी त्याला कळले पाहिजे, की जमीन कोणाची होती, कशी गेली आणि कोणाची झाली.’

परीक्षेचे नाव त्यांनी काढले नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, ‘पुढची परीक्षा केव्हा?’

‘ऑक्टोबरात.’

‘म्हणजे मुदत आहे,’ ते म्हणाले, आणि त्यांनी रुमालाची गाठ बांधली.

मुंबईस परतताना मी बाजारातून लाल खारव्याच्या पुठ्ठ्याची एक लांबट हिशेबी वही विकत घेतली. तिच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद त्या नीलेची आहे. ‘मागून’ हा शब्द लिहून मी त्यास कंस केला, एकचा आकडा वर्तुळात घातला, खाली ‘पुढून’ असे लिहिले आणि तारीख टाकली. अण्णांच्या दप्तरात फेरफाराच्या क्रमांकावरून खातेपालटाचे कारण शोधता येते. तेव्हा माझ्याही वहीत चुकीचे कारण असले पाहिजे, असे मला वाटले, आणि ते शोधण्यात मात्र एक संपूर्ण संध्याकाळ गेली. ‘घाबरलो’ हे पहिले सुचलेले कारण खरे नव्हते, कारण भीती नंतर आली, चूक आधी झाली. पुष्कळ विचार केल्यावर आठवले, की पायाच्या त्या भागाचे विच्छेदन आमच्या टेबलावर चालू असताना सुरी दुसऱ्याच्या हाती होती आणि मी शेजारी उभा राहून कनिंगहॅमच्या पुस्तकातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत होतो. माझे वाचन शुद्ध, म्हणून ते काम नेहमी माझ्याकडे येई आणि मला त्याचा अभिमान वाटे. त्या रात्री मी कारणाच्या जागी लिहिले: वाचले होते, पाहिले नव्हते.

हे एक वाक्य हाती आल्यावर पुढच्या चार महिन्यांचा अभ्यास निराळाच झाला. विद्यार्थी नापास झाला की दुप्पट वाचतो, आणि मीही प्रथम तेच करणार होतो. ग्रेचे ते जाडजूड पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडण्याची माझी तयारी होती. परंतु वहीत दिवसेंदिवस ज्या नोंदी पडू लागल्या, त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा तेच कारण येऊ लागले, आणि जो रोग अतिवाचनाने जडला होता त्याला पुन्हा वाचनाचेच औषध देण्यात अर्थ नाही, हे माझ्या ध्यानात आले. डिसेक्शन हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असे त्या मामांना मी विनंती केली, आणि ते मला सकाळी सात वाजता, हॉल उघडण्याआधी, आत घेऊ लागले. मामांना अक्षरओळख नव्हती. फॉर्मॅलिनमुळे त्यांच्या बोटांच्या पेरांची कातडी जाड आणि भेगाळलेली झाली होती. मी एका हातात पुस्तक धरून उभा राहिलो, की ते माझ्याजवळ येऊन म्हणत, ‘डाक्टर, वाचता कशाला? बोट घाला.’ मी बोट घालू लागलो. मनगटातल्या आठ लहान हाडांची नावे मला श्लोकाप्रमाणे पाठ होती. आता डोळे मिटून, पिशवीत हात घालून, एकेक हाड नुसत्या स्पर्शाने ओळखण्याचा मी परिपाठ ठेवला, आणि चुकलेले प्रत्येक हाड रात्री वहीत कंसात गेले.

माझे सोबती सहा महिने पुढे गेले होते. ते आता वॉर्डात जाऊ लागणार, गळ्यात स्टेथॉस्कोप घालणार, आणि आपण अजून प्रेतांच्या खोलीतच आहोत, ही जाणीव बोचत असे. ती मला वहीत कोठे घालता आली नाही. ऑक्टोबरमध्ये मी उत्तीर्ण झालो. गुण साधारण होते.

वॉर्डात गेल्यावर पहिली जी कसोटी आली ती डोळ्यांची किंवा बोटांची नव्हती, कानांची होती. लालबागेकडची, गिरणीकामगाराच्या घरातली, बावीस-तेवीस वर्षांची एक बाई दम लागतो म्हणून दाखल झाली होती. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला होता, आणि त्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची झडप कायमची आकसवून टाकली होती. निरोगी मनुष्यात या झडपेचे द्वार चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते जसजसे अरुंद होत जाते तसतसे रक्त त्यातून घासून वाहते, आणि त्या घर्षणाचा एक अत्यंत खालच्या पट्टीतला आवाज हृदयाच्या टोकाशी ऐकू येतो. आम्ही आठ विद्यार्थी होतो. एकेकाने तिच्या छातीस स्टेथॉस्कोप लावला, एकेकाने मान हलविली. माझी पाळी आली. मला हृदयाचे दोन ठोके ऐकू आले आणि त्यापलीकडे काहीही ऐकू आले नाही. मीही मान हलविली.

त्या रात्री वही उघडली तेव्हा या प्रसंगाची नोंद करावी की नाही, असा मला पहिल्यानेच प्रश्न पडला. कारण यात कोणी चूक पकडली नव्हती. मागणी नव्हती, तगादा नव्हता, कोणाच्या दप्तरी काही रुजू नव्हते. पण जी बाई आपला श्वास रोखून आठ परक्या मुलांपुढे उघड्या छातीने निजली होती, तिच्यासमोर मी खोटी मान हलविली होती. मी ‘ऐकू आले’ असे लिहिले, त्याला कंस केला, आणि खाली ‘ऐकू आले नाही’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड शांत झाल्यावर, मी रजिस्ट्रारसरांना जाऊन तेच सांगितले.

ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते उठले आणि मला त्या बाईच्या खाटेपाशी घेऊन गेले. तिला त्यांनी डाव्या कुशीवर वळायला सांगितले, श्वास सोडून थांबायला सांगितले, आणि मला म्हणाले, ‘लाव.’ मी स्टेथॉस्कोपची वाटी लावली. त्यांनी माझ्या कानांकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले. ‘एवढा दाबतोस का?’ ते म्हणाले. ‘वाटी दाबली की खालची कातडी ताणून पडद्यासारखी होते, आणि पडदा खालचे सूर गिळतो. तू आवाज शोधण्यासाठी दाबतोस आणि दाबल्यामुळेच आवाज जातो. टेकव नुसती.’ मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, ‘तुझ्या घरी जाते होते का?’

‘होते.’

‘पहाटे, शेजारच्या घरात कोणी दळायला बसले म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या भिंतीतून जे येते, ते ऐकायचे आहे.’

त्या दिवशीही मला ते ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी, वॉर्डात दिवे लागण्याच्या वेळी, वाटी टेकवून मी डोळे मिटले असताना दुसऱ्या ठोक्यानंतरच्या पोकळीत, फार दूर, एक घरघर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. ती घरघर त्या छातीत पहिल्या दिवसापासून होती, प्रत्येक ठोक्याला होती. बदलला होता तो माझा कान. मी किती वेळ तसाच ओणवा राहिलो होतो कोण जाणे, कारण बाईने हळूच विचारले, ‘आलं का ऐकू?’ मी ‘हो’ म्हणालो. ती म्हणाली, ‘बरं झालं बाई. तीन दिस झाले, तुमचीच काळजी लागली होती.’

कानांस जर असे वळण लागते, तर जिला आपण बुद्धी म्हणतो तीही लाभलेले वतन नसून कसलेली जमीन असेल, असे मला त्या संध्याकाळी प्रथम वाटले. वाटले एवढेच, ते अंगी मुरण्यास पुढे फार काळ जावा लागला.

त्या काळातला दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा नाही, परंतु माझ्यावर त्याचा जो परिणाम झाला तो माझ्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठा आहे. आमच्या रुग्णालयात आठवड्यातून एकदा वैद्य आणि विकृतिशास्त्रज्ञ यांची संयुक्त सभा भरे. रोगी जिवंत असताना वैद्यांनी काय निदान केले ते आधी सांगायचे, आणि मग शवपरीक्षेत काय आढळले ते विकृतिशास्त्रज्ञांनी उघड करायचे, असा तिचा क्रम होता. एके दिवशी ज्या रोग्याची चर्चा होती त्याला ताप होता, उजव्या छातीत दुखत होते, वजन उतरले होते. छातीच्या तळाशी पाणी झाले आहे आणि ते क्षयाचे आहे असे निदान करून त्याला तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन दिले होते. विकृतिशास्त्रज्ञांनी झाकण काढलेल्या ताटलीतून यकृत पुढे केले. त्याच्या माथ्यावर, श्वासपटलाला लागून, अमीबाच्या जंतूंनी केलेले मोठे गळू होते; ते पोटात फुटून मनुष्य गेला होता.

ज्यांचे हे निदान होते ते आमचे सर्वांत ज्येष्ठ ऑनररी होते. सभागृहात शंभरावर माणसे होती. ते उभे राहिले. ‘मी बोटाने ठोकले, आवाज बद्द आला, आणि मी तेथेच थांबलो,’ ते म्हणाले. ‘यकृत वर सरकले म्हणजे त्या जागी यकृताचाही आवाज बद्दच येतो, हे मी तुम्हाला तीस वर्षे शिकवीत आलो. दीर्घ श्वास घ्यायला लावून मी पुन्हा ठोकायला हवे होते. दोन बरगड्यांमधल्या फटीत बोट रोवून पाहायला हवे होते. हा मनुष्य कळवळला असता, आणि एमेटिन देऊन कदाचित घरी गेला असता. यात एक्स-रेची चूक नाही, रजिस्ट्रारची नाही. मी या रोग्यास कोणत्या दिवशी तपासले ती तारीख केसपेपरवर आहे. लिहून घ्या.’ मग त्यांनी आम्हास, जणू काही झालेच नव्हते अशा शांत स्वरात, लिओपोल्ड औएनब्रुगर यांची हकीकत सांगितली. हे एका खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात द्राक्षासव कुठवर आहे हे वरून ठोकून ओळखण्याची कला त्यांनी बापाच्या तळघरात पाहिली होती असे सांगतात.  छाती ठोकून रोग ओळखण्याची रीत त्यांनी 1761 मध्ये ग्रंथरूपाने मांडली आणि जवळजवळ अर्धशतक तिची फारशी कोणी दखल घेतली नाही. 1808 मध्ये कोर्व्हिझार यांनी तिचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा ती जगाला कळली, आणि पुढच्याच वर्षी औएनब्रुगर निवर्तले. ‘ज्या बोटासाठी एका मनुष्याने पन्नास वर्षे वाट पाहिली,’ सर म्हणाले, ‘ते बोट मी अर्धवट वापरले.’ आणि ते खाली बसले.

सभा संपल्यावर बाहेर व्हरांड्यात कोणीही त्यांची निंदा केली नाही. माझ्या मनात मात्र एकच विचार घोळत होता, की ज्यांना आम्ही चालतेबोलते ग्रंथ समजत होतो त्यांनाही कंस करता येतो, आणि तो शंभर माणसांसमोर करता येतो.

यानंतर जे सांगायचे आहे ते सांगताना आजही माझा हात जड होतो. 1963 च्या जुलैत मी बालरुग्ण विभागात हाऊसमन होतो. बाहेर संततधार लागली होती, आणि त्या ऋतूत मुंबईच्या वस्त्यांतून येतात तशी जुलाब-उलट्यांची मुले वॉर्डात दाटीवाटीने भरली होती. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी एका दोन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. डोळे खोल गेले होते, टाळू कोरडी होती, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘पाणी मागतंय हो, घोटभर देऊ का?’ आणि मी ‘नाही’ म्हणत होतो, कारण उलट्या होणाऱ्या मुलाला तोंडाने काही देऊ नये, आतड्यास विश्रांती द्यावी, असा तेव्हाचा दंडक होता. सलाईन नीलेतूनच गेले पाहिजे होते, आणि नीला रिकाम्या होऊन मिटल्या होत्या. कोपराच्या खळगीत मी सुई घातली, ती गेली नाही. हाताच्या पाठीवर घातली, गेली नाही. सहा वेळा घातली.

अशा वेळी काय करायचे ते मला माहीत होते. आतल्या घोट्याच्या पुढे आडवा छेद घ्यायचा. लाँग सॅफेनस तेथे ठरलेल्या जागी असतेच असते, मिटलेली असली तरी असते. ती उघडी करून तीत नळी घालायची. वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद ती हीच. परंतु कट-डाऊन मी तोवर स्वतःच्या हाताने केला नव्हता, आणि आदल्याच रात्री अशाच कामासाठी रजिस्ट्रारसरांना उठविल्यामुळे आज पुन्हा उठविण्याचा मला संकोच वाटला. आता जमेल, ही शिर मिळेल, असे म्हणत मी सुई घालीत राहिलो. जे वतन आपण केव्हाच सोडले असे मी समजत होतो, त्याची सनद माझ्या मनाच्या कोनाड्यात अजून होती. सिस्टरांनी शेवटी माझ्याकडे पाहिले, आणि मला न विचारता वॉर्डातल्या मामांना सरांच्या खोलीकडे धाडले. तेव्हा दोन वाजले होते. सर आले, त्यांनी घोट्यापुढे छेद घेतला, दहा मिनिटांत सलाईन सुरू झाले. पहाटे पाचच्या सुमारास मूल गेले.

‘तू लवकर बोलावले असतेस तर ते वाचले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही,’ हात धुताना सर म्हणाले. ‘तू चाळीस मिनिटे उशीर केलास, एवढे मात्र सांगता येते. तेवढे लिही.’ मी तेवढे लिहिले.

त्यानंतरचे काही आठवडे मी कामावर जात होतो, परंतु सुई हाती घेतली की बोटे थरथरत. त्या दिवसांत मी स्वतःस धीर देण्यासाठी वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट आठवून पाहिली. परळची त्यांच्या नावाची संस्था आम्हास विद्यार्थिदशेत दाखविली होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिच्या बोळात बसून त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 माणसे धनुर्वाताने मेली. त्या सर्वांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले, चौकशी बसली, आणि दोष प्रयोगशाळेतला नसून ती बाटली गावात उघडताना घडला होता, हे मान्य होऊन निर्दोष ठरण्यास त्यांना 1907 साल उजाडावे लागले. संस्थेला त्यांचे नाव तर 1925 मध्ये मिळाले. या कथेतून मला बळ यावे अशी माझी इच्छा होती, पण जितका मी तिचा विचार करी तितके माझे मला कळत जाई, की तो मनुष्य निरपराध होता आणि मी नव्हतो. त्याचे धैर्य माझ्या कामाचे नाही. एक गोष्ट तेवढी माझ्या कामाची होती. त्या बाटलीवर 53 एन असा क्रमांक होता. क्रमांक होता, नोंदी होत्या, म्हणून पाच वर्षांनी का होईना, सत्य कोठे आहे ते शोधता आले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तसेच दुसरे मूल आले. मी दुसऱ्या प्रयत्नानंतर सुई ठेवली आणि सरांना बोलाविले. ते आले, हातमोजे घातले, आणि सुरी माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘मी येथे उभा आहे.’ त्या पावसाळ्यात मी अकरा वेळा ती नीला उघडी केली. दर वेळी ती घोट्याच्या पुढेच होती.

येथे एक सांगून टाकतो, मग राहून जाईल. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, सोडा आणि ग्लुकोज मिसळून ते आप्तांच्या हातून रोग्यांना पाजले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आणले. ते वृत्त मी वाचले तेव्हा ओपीडी सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो. घोटभर पाणी देऊ का, असे ती आई विचारीत होती. ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, त्या काळच्या शास्त्राची होती. तरीही मी ती वहीत घातली आहे, आणि ‘नाही’ या शब्दाला कंस केला आहे.

1963 च्या दिवाळीनंतर अण्णा डोळे तपासून घेण्यासाठी मुंबईस आले आणि दोन दिवस माझ्या खोलीवर राहिले. पहिल्या रात्री माझी ड्यूटी होती. सकाळी परतलो तेव्हा ते खिडकीशी माझ्या खुर्चीवर बसले होते आणि पुढ्यात लाल वही उघडी होती. परवानगी न घेता कोणाचे कागद ते कधी पाहत नसत. पण ती वही त्यांना आपल्या घरच्या दप्तरासारखी वाटली असावी. नोंदी बहुतेक मराठीत होत्या, नावे तेवढी इंग्रजी. ती देवनागरीत लिहिण्याची सवय मला त्यांच्याकडूनच लागली होती. त्यांनी पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली होती आणि कारकुनी शिस्तीने एकेक पाहत ते तीनशेच्या पुढे आले होते.

‘क्रमांक बरोबर आहेत,’ ते म्हणाले. ‘कारणेही घातली आहेस.’ मी चहा ठेवला. ते पाने उलटीत राहिले, आणि एका पानावर थांबले. तेथे एवढेच लिहिले होते: दोन वर्षांचा मुलगा, मग कंसात, मला जमेल, आणि त्याखाली, चाळीस मिनिटे उशीर, संकोचामुळे. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते मजकुराविषयी काही बोलले नाहीत.

‘ही तारीख राहिली आहे,’ ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. ती राहिली नव्हती. मी ती घातली नव्हती. अण्णांनी आपल्या कोटाच्या खिशातला पेन काढला, त्याचे टोपण फिरवून काढले आणि तो माझ्यापुढे धरला. मी उभ्यानेच वाकून लिहिले, 17 जुलै 1963, रात्री 1.20 ते 2.00. अक्षर वेडेवाकडे आले. अण्णांनी टीपकागद त्यावर ठेवला, तळहाताने एकदा दाबला, आणि वही मिटण्यापूर्वी शाई वाळली की नाही हे पाहत ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.